टपावरच्या तंबूला अस्तर

५ डिसेंबर

व्याहीबुवा, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. इकडे सगळे सुखरूप आहेत. फोनवर बोलता आलं असतं, पण आमच्या घरी भिंतींना कान आहेत आणि त्यातले दोन तुमच्या विहीणबाईंचे.

काम असं. माझ्या मुलाने आणि तुमच्या मुलीने गेल्या वर्षी गाडीच्या टपावर बसवायचा तंबू घेतला, ते आठवत असेल. दिसायला मोठी पेटी. झाकण वर ढकललं की बाजूचं कापड ताणलं जातं. मग शिडी लावायची आणि वर जाऊन झोपायचं. मुलं नोकरीच्या गावी गेली, तिथे गाडी उभी करायला जागा नाही, म्हणून गाडी आणि तिच्या डोक्यावरचा तंबू दोन्ही आमच्या दारात आहेत. आता मुलं तंबू विकायला निघाली आहेत. कारण काय, तर पहाटे झाकणाला आतून पाणी सुटतं आणि थेंब खाली पडतात. त्यांनी त्यात एकच रात्र काढली आणि हात टेकले.

एवढ्याशा कारणासाठी चांगली वस्तू फुंकून टाकणं मला पटत नाही. तुम्ही जन्मभर गाड्यांची सीट कव्हरं आणि आतली छतं शिवलीत. या झाकणाला आतून कापडी छत लावता येईल का? मात्र ते काढता-घालता आलं पाहिजे, म्हणजे धुता येईल, वाळवता येईल.

थेंब सगळीकडे पडत नाहीत. उशीच्या वर एक जागा आहे, तिथून बरोबर नाकाच्या शेंड्यावर येतो. कूस बदलली तर कानात. असं मुलं सांगत होती.

तंबूबद्दलचं माझं मत तुम्हाला ठाऊक आहेच. ते बदललेलं नाही.

आपला,
नकाशेवाला व्याही

ता. क. पाकिटावर 'खासगी' असं लिहू नका. लिहिलं की ही आधी तेच फोडते.

---

१२ डिसेंबर

व्याहीबुवा, नमस्कार घ्या.

तुमचं मत ठाऊक नाही असा माणूस आपल्या दोन्ही घरांत सापडायचा नाही. सगळे जेवायला बसलो होतो, जावईबापू हौसेने तंबूचे फोटो दाखवत होते, आणि तुम्ही म्हणालात, "गाडीच्या डोक्यावर झोपायला आपण काय कावळे आहोत?" पोराचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, असू दे, तरुण आहेत. तर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसा काही मीच तिथे अंडी घालून बसलोय.

असो. कामाचं बोलू. ते पाणी बाहेरून येत नाही. आत झोपणाऱ्याचा श्वास गरम, झाकणाचा पत्रा गार. श्वास वर जाऊन थिजतो आणि खाली येतो. म्हणजे ज्याचं पाणी त्याच्याच नाकावर. पत्र्याखाली पातळ स्पंजाचं अस्तर घातलेलं कापड ताणून बसवलं की प्रश्न मिटला. पण काढता येणारं छत? मी लावलेलं छत गाडी भंगारात निघाली तरी निघत नाही, अशी माझ्या दुकानाची ख्याती. काढता येणारं शिव म्हणणं म्हणजे न्हाव्याला सांगणं, केस काप पण परत लावता आले पाहिजेत. तरी तुमच्यासाठी वेलक्रोच्या पट्ट्या लावून करतो. मापं पाठवा.

एक गोष्ट मात्र घशात अडकली आहे. मुलं एकच रात्र झोपली म्हणता, आणि कूस बदलल्यावर थेंब कुठे पडतो हेही सांगता. थेंबाचा एवढा अभ्यास एका रात्रीत होत नाही. गेल्या महिन्यात माझी लेक एकटीच तुमच्याकडे राहून गेली. तिला घरात जागा नव्हती का? काही बोलाचाली झाली होती का? मी मुलीचा बाप आहे, आडपडदा न ठेवता विचारतो.

आपला,
सीट कव्हरवाला व्याही

---

१८ डिसेंबर

व्याहीबुवा,

तुमच्या पत्राचा शेवट मला मुळीच रुचला नाही. सूनबाई आमच्याकडे आली की वरच्या खोलीत झोपते, दोन रजया घेते आणि सकाळी आपणहून उठेपर्यंत तिला कोणी हाक मारत नाही. विश्वास नसेल तर तिलाच विचारा. तंबूत कोण झोपतं हा प्रश्न आपल्या कामाशी संबंधित नाही.

सोबत आराखडा जोडला आहे. आत उताणं पडून, पाटी छातीवर धरून काढला. अंथरुणावर पडल्यावर दिवा डाव्या हाताला, डोक्याशी येतो. तिथे भोक हवं. उजव्या हाताला पायाशी झाकण उचलणारी लोखंडी दांडी आहे. तो कोपरा कापून घ्या. बाकी सगळं आराखड्यात आहे. सरकारी कचेरीत मी जन्मभर नकाशे काढले. माझ्या रेषेवर दोन-दोन गावांची भांडणं मिटली आहेत. चुकलेली शाई खरवडायला इतर लोक ब्लेड वापरायचे. माझ्या टेबलावरचं ब्लेड फक्त पेन्सिलीला टोक काढायला होतं.

जरा लवकर करा. गिऱ्हाईक ठरलं आहे. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी येऊन तंबू घेऊन जाणार. त्याआधी पाणी बंद झालं तर मुलं कदाचित विचार बदलतील.

नकाशेवाला

---

२४ डिसेंबर

अण्णा,

"पोरी, खरं सांग, तुला गाडीवर झोपवतात का?" हे तुमचं वाक्य वाचून मी ऑफिसात इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाई पाणी घेऊन आल्या.

मला कोणी कुठेही झोपवत नाही. तंबूत बाबा झोपतात! माझे सासरे. रोज. जेवण झालं की म्हणतात, "जरा गाडीवर नजर टाकून येतो," आणि दूधवाला यायच्या आत अंथरुणात परत. त्यांना वाटतं, कोणाला पत्ता नाही. आईंना पहिल्याच दिवशी कळलं. त्या म्हणतात, "मला अख्खा पलंग मिळालाय, तू मध्ये पडू नकोस." मी गेले होते तेव्हा खिडकीतून बघितलं. एका हातात उशी, तोंडात टॉर्च, आणि शिडी चढताना मागे वळून वळून बघणं. आयुष्यात पहिल्यांदा चोरी करणारा माणूस असाच चढत असेल.

मग विकता कशाला, म्हणाल. त्या थेंबांचा आम्हाला वीट आला हे खरं. पण तुमचे जावई म्हणतात, "बाबांनी एकदा तोंडाने म्हणावं, तंबू चांगला आहे. मग तंबू त्यांचा. नाही म्हणाले तर जानेवारीतल्या त्या रविवारी गिऱ्हाईक घेऊन जाईल." त्या दिवशीचं ते कावळ्यांचं बोलणं ह्यांना फार लागलं, अण्णा. स्वतःच्या हौसेने घेतलेली ती ह्यांची पहिली वस्तू होती. सगळे हसले, हेही हसले, आणि घरी येऊन ह्यांनी ते फोटो पुसून टाकले. आता बापलेक दोघंही हटून बसलेत. एकाला म्हणायचं नाही, दुसऱ्याला ऐकल्याशिवाय सोडायचं नाही.

तुम्ही छत जरूर शिवा. पण बाबांना यातलं अक्षर सांगू नका. सांगून म्हणवून घेतलं तर त्या म्हणण्याला काय अर्थ?

तुमची,
ठकू

---

२ जानेवारी

व्याहीबुवा, नमस्कार.

लेकीबद्दल विचारलं ते पोटात घाला. चौकशी केली, ती दोन रजया घेते हे खरं. बापाची जात संशयी.

छत पार्सलने पाठवलं आहे. खालून दिसणारी बाजू करड्या रंगाची, चांगल्या गाड्यांना लावतो तेच कापड. वरच्या, झाकणाकडच्या बाजूला बालवाडीच्या गाडीच्या सीटांमधून उरलेलं कापड लावलंय. त्यावर पिवळी बदकं आहेत. मनाला लावून घेऊ नका, ती पत्र्याकडे तोंड करून बसतील. वेलक्रो त्याच बाजूला शिवलाय. त्याची जोडपट्टी वेगळी दिली आहे, ती झाकणाला आतून चिकटवा, वरून छत दाबा. झालं.

आता न विचारता एक सल्ला. छताने पाणी थांबेल, विक्री थांबेल असं नाही. जावईबापूंना एक ओळ लिहून टाका की तंबू राहू दे. तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत.

सीट कव्हरवाला

---

६ जानेवारी

व्याहीबुवा,

तुमचं लक्ष कुठे होतं?

छत उघडलं, वर धरलं. दिव्याचं भोक उजवीकडे! दिवा डावीकडे आहे, मी डावीकडे लिहिलं आहे, लाल शाईने लिहिलं आहे. कापलेला कोपराही डावीकडे. अर्धं वळवून बघितलं, तर कोपरा दांडीपासून लांब गेला आणि भोक पायाशी. पायाशी उजेड घेऊन मी काय नखं मोजू? ताणून बघितलं, मुडपून बघितलं. शेवटी छत अंगावर पडलं आणि मी बराच वेळ त्याखाली होतो. शेजारी विचारायला आले, गाडीत काही पकडलंय का?

माझा आराखडा पुन्हा तपासला. एक रेषा इकडची तिकडे नाही. चूक तुमच्या दुकानाची आहे.

राहिला तुमचा सल्ला. मी चारचौघांत बोललो आहे. बोललेलं गिळणारा माणूस मी नव्हे. मुलाने त्याची वस्तू विकावी. माझं काय जातं?

नकाशेवाला

---

१० जानेवारी

व्याहीबुवा, दमानं घ्या.

तुमचा आराखडा टेबलावर ठेवून मी आणि माझा कारागीर दिवसभर डोकं खाजवत होतो. मग मी कारागिराला म्हटलं, दुकानाच्या फरशीवर उताणा झोप आणि कागद तोंडावर धर. तो झोपला आणि म्हणाला, "मालक, हे खालून काढलंय!"

तुम्ही जन्मभर जमीन काढलीत. जमीन वरून बघतात. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही डोक्यावरची वस्तू काढलीत, पडल्या पडल्या, आणि 'खालून बघताना' असं कुठे लिहिलं नाहीत. मी कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्याखाली बदकांचं कापड उताणं पसरून सरळ कापलं. तुमचं डावं ते माझं उजवं झालं. आता माझीही चूक सांगतो. गाडीचं छत शिवताना मी जुनं छत उसवून त्यावरूनच कापतो. कागदावरून आजवर एकही छत कापलं नाही. तुमच्या सुबक रेषा बघून भुललो. दोघांनी अर्धी अर्धी वाटून घेऊ.

उपाय सोपा आहे. छत उलटं करा, बरोबर बसेल. फक्त वेलक्रो बदकांवरून उसवून करड्या बाजूला शिवावा लागेल आणि बदकं खाली येतील. पार्सल परत पाठवलंत तर रविवार उलटून जाईल, तेव्हा तुम्हालाच शिवावं लागणार. सुई जमत नसेल तर विहीणबाईंना सांगा.

आणि 'माझं काय जातं' हे पत्रात लिहिताना तुमची शाई जरा पसरली आहे, तेवढं बघा.

सीट कव्हरवाला

---

१९ जानेवारी

व्याहीबुवा,

आराखड्यावर ती दोन अक्षरं लिहायची राहून गेली, हे मान्य.

वेलक्रो उसवताना बोटाला तीन ठिकाणी टोचलं. मोरीत लपून शिवत होतो. दार उघडलं आणि ही समोर. म्हटलं, आता उलटतपासणी. तर हिने माझ्या हातातून सुई घेतली, दातात दोरा धरला आणि म्हणाली, "असे मोठाले टाके घातलेत तर पहिल्याच दिवशी छत तोंडावर येईल. सरका." मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, "रोज माझी उशी वर नेता. थंडीने कडक होऊन परत येते. मला कळणार नाही?"

म्हणजे तिला माहीत होतं. मग कोणाकोणाला माहीत होतं ते तिने सांगितलं. तुम्हालाही. तुम्ही चांगले नट आहात, व्याहीबुवा.

आता लपवण्यासारखं राहिलं नाही, म्हणून लिहितो. निवृत्त झाल्यापासून मी घरात कुठेही बसलो की नेमकं तिथेच झाडायचं असतं. वर कोणी झाडत नाही. पहिल्यांदा नुसता तपासायला चढलो होतो, मुलाला आणखी दोन दोष दाखवता यावेत म्हणून. पडलो आणि एकदम सकाळ झाली. कचेरी सुटल्यापासून अशी झोप लागली नव्हती.

छत लावायला दोन माणसं लागतात म्हणून ही शिडीवर चढली. एका टोकाला ती, एका टोकाला मी. चोख बसलं. "बघू कसं दिसतं खालून," म्हणून ती क्षणभर आडवी झाली आणि झोपली. मला बसायलाही जागा ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी आपली उशी आपण घेऊन आली. आता अख्खा पलंग मोकळा पडलेला असतो. पाण्याचा एक थेंब नाही. डोळे उघडले की बावीस बदकं बघत असतात.

मुलाला पत्र लिहायला दोनदा बसलो. 'चि. यास' यापुढे पेन सरकत नाही. रविवार जवळ आला आहे. ही म्हणते, लिहू नका, पण मग रविवारी तोंड पाडून बसू नका.

नकाशेवाला

---

३० जानेवारी

व्याहीबुवा, नमस्कार.

रविवारी काय झालं ते तुमच्या लेकीने मीठमसाला लावून सांगितलं असेलच. खरं काय ते माझ्याकडून घ्या.

गिऱ्हाईक म्हणजे एक पोहायला शिकवणारा तरुण. खांदे दारात मावेनात. मुलगा फोनवर होता, चेहऱ्यासकट, आणि फोन त्या तरुणाच्या हातात. गाडीभोवती फेरी मारून त्याने मला विचारलं, "काका, काही दोष आहे का? स्पष्ट सांगा."

मला हायसं वाटलं. म्हटलं, दोष सांगूनच घालवून देऊ.

"पाणी टपकतं," मी म्हटलं.

"अजून टपकतं?"

खोटं बोलता येईना. "छत लावल्यापासून नाही."

"छत लावलंय? वा!"

"शिडी फार उभी आहे. गुडघ्यांची वाट लागते."

तेवढ्यात तंबूतून आवाज आला, "माझ्या गुडघ्यांना काय झालंय?"

ही दुपारची वर पडली होती. गिऱ्हाईक आलं की उतरते, असा शब्द दिला होता. तरुणाने वर बघून विचारलं, "काकू, झोप चांगली लागते का?"

"लागली होती," ही म्हणाली, "तू येईपर्यंत."

तो खूश. मी शेवटचं अस्त्र काढलं. "आत बदकं आहेत. पिवळी."

"माझ्या मुलीला बदकं म्हणजे जीव की प्राण!" असं म्हणून त्याने खिशातून पाना काढला आणि पहिल्या बोल्टला लावला. बोल्ट कुरकुरला. व्याहीबुवा, तो आवाज माझ्या दाढेतून गेला. मी पान्यावर हात ठेवला.

"हा विकायचा नाही."

"का?" हे तरुणाने नाही विचारलं. फोनमधून मुलाने विचारलं.

गल्लीत तिघं-चौघं जमा झाले होते. ही तंबूची चेन उघडून बाहेर डोकावत होती. मी म्हटलं, "चांगला आहे म्हणून."

"काय चांगलं आहे?"

"तंबू. तू घेतलास तो. तंबू चांगला आहे. मी रोज त्यात झोपतो. तेव्हा जे बोललो ते न बघता बोललो."

मुलगा म्हणाला, "बाबा, आवाज तुटतोय. परत म्हणा."

मी परत म्हटलं, मोठ्याने. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या.

"अजून तुटतोय."

त्याच्या मागे तुमची लेक हसत होती. तिचं हसणं मला अगदी स्वच्छ ऐकू येत होतं, तेव्हा फोनमध्ये बिघाड नाही हे मला कळलं होतं. मुलाचा चेहराही दिसत होता. तो हसत नव्हता. मी तिसऱ्यांदा म्हटलं.

"आता आलं ऐकू," तो म्हणाला. "तंबू राहू दे तिथेच."

तरुण भला निघाला. चहा घेतला, थोडा रुसला, आणि जाताना म्हणाला की दुसरा तंबू मिळाला तर त्यालाही असंच छत हवं, बदकांसकट. तुमचा पत्ता दिला आहे. त्याने आराखडा पाठवलाच तर कापण्याआधी कारागिराला फरशीवर झोपवा.

मुलं पुढच्या महिन्यात येणार आहेत. मुलाने विचारलं, आम्हाला एक रात्र वर झोपू द्याल ना? मी म्हटलं, आईला विचार.

पत्र लांबलं. ही दोनदा हाक मारून गेली. आता झोपायला जातो. कुठे, ते आता सगळ्या गल्लीला माहीत आहे.

आपला,
नकाशेवाला व्याही